जनरेटर किती मोठा हवा, ते घरातली मोटर ठरवते

मे महिन्यात दिवसभर पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, संध्याकाळी वळवाचं वादळ येतं, कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. दोन-तीन तासांत आली तर घरातला बॅटरीवरचा इन्व्हर्टर निभावून नेतो. रात्रभर आली नाही तर पहाटेपर्यंत बॅटरी बसते. त्यात सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस आणि लाईट जाण्याचा दिवस एकच आला, की हौद भरलेला आणि गच्चीवरची टाकी कोरडी अशी गत होते. अशा वेळी पोर्टेबल इन्व्हर्टर जनरेटरचा विचार डोक्यात येतो: हाताने उचलता येतो, आवाज कमी, पेट्रोल कमी. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. पण घरातली सर्वांत अडेल मोटर त्याच्यावर सुरू होईल का, हे दुकानात फारसं कुणी सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. खरेदीचा निर्णय मात्र त्यावरच व्हायला हवा.

आधी यंत्र समजून घेऊ. इथे आपण बोलतोय ते पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राबद्दल. हॉलच्या कोपऱ्यात बॅटरीसोबत असतो तो इन्व्हर्टर वेगळा. साध्या जनरेटरमध्ये इंजिनाचा वेग आणि विजेची फ्रिक्वेन्सी एकमेकांना बांधलेली असते. दोन पोलच्या अल्टरनेटरमधून (इंजिनाने फिरून वीज तयार करणाऱ्या भागातून) ५० हर्ट्झ हवे असतील तर इंजिनाला मिनिटाला ३,००० फेरे घ्यावेच लागतात, मग तुम्ही एक बल्ब लावा नाहीतर पूर्ण लोड द्या. लोड बदलला की फेरे खाली-वर होतात आणि त्याबरोबर व्होल्टेज हलतं. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाने केलेली वीज थेट सॉकेटला येत नाही. आधी तिची डीसी होते, मग इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्या डीसीपासून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची स्वच्छ साईन वेव्ह नव्याने तयार करतो. त्यामुळे लोड कमी असेल तेव्हा इंजिन हळू फिरू शकतं. पेट्रोल वाचतं, आवाज उतरतो. वीज इतकी स्वच्छ असते की लॅपटॉप, राऊटर, टीव्ही, ॲम्प्लिफायर यांना त्रास होत नाही, पंखा गुणगुणत नाही. चांगल्या यंत्राच्या माहितीपत्रकात वेव्हची विकृती, म्हणजे टीएचडी, ३ टक्क्यांच्या आत लिहिलेली असते.

याच बोर्डात त्याची कमजोरीही आहे. पंपाची किंवा फ्रिजची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. बंद पडलेली गाडी ढकलताना पहिला जोर जास्त लागतो, तसंच हे. साधा जनरेटर अशा वेळी दबतो, घुरघुरतो, व्होल्टेज खाली जातं, पण जड फिरत्या भागांच्या जोरावर बऱ्याचदा मोटर ओढून नेतो. इन्व्हर्टर जनरेटरचा बोर्ड ठरलेल्या मर्यादेच्या फार पुढे जात नाही. ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि सॉकेटची वीज बंद होते. इंजिन मात्र चालूच राहतं, म्हणून पुष्कळांना वाटतं की यंत्र बिघडलं. ते बिघडलेलं नसतं. सगळी उपकरणं काढायची, इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि लोड कमी करून लावायचा. काही मॉडेलना यासाठी रीसेटचं बटण असतं.

आता घराचा हिशोब. जुळे सोलापुरातलं दोन-तीन खोल्यांचं घर धरा. तीन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे २२५. सहा एलईडी दिवे ९ वॅटचे, म्हणजे ५४. टीव्ही ८०, राऊटर १०, चालू फ्रिज साधारण १५०. एकूण ५१९ वॅट. हे वाचून माणूस एक केव्हीएचं, म्हणजे ढोबळमानाने हजार वॅटचं, यंत्र घेऊन येतो. पण जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरचा फ्रिज सुरू होताना अर्धा सेकंद ७०० ते १,००० वॅट मागतो. बाकी सगळं चालू असताना त्या क्षणाला मागणी तेराशे-चौदाशेच्या घरात जाते आणि यंत्र बसतं. फ्रिज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असेल तर तो हळूहळू वेग घेतो, त्याला हा झटका जवळजवळ नसतोच. म्हणून जनरेटर बघायला जाण्याआधी फ्रिजच्या मागची पट्टी वाचून या.

पाण्याची मोटर याहून अवघड. अर्धा एचपीची मोटर चालताना ५०० ते ६०० वॅट घेते, सुरू होताना दोन-अडीच हजारांपर्यंत जाऊ शकते. दोन केव्हीएच्या इन्व्हर्टर जनरेटरवर ती निघू शकते, पण एकटी; तेव्हा फ्रिज, टीव्ही, सगळं बंद हवं. एक एचपीची मोटर चालताना हजार-अकराशे वॅट आणि सुरुवातीला पाच हजारांच्या आसपास मागते. बोअरमधली एक एचपीची सबमर्सिबल चालवायचीच असेल तर छोटा इन्व्हर्टर जनरेटर घेऊच नका. तिथे चार-पाच केव्हीएचा साधा जनरेटर कमी पैशांत जास्त भरवशाचा. महाग म्हणजे चांगलं, हा हिशोब इथे चालत नाही. मोटर सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेत असेल तर आधी तिचा कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) तपासून घ्या. कमजोर पडलेल्या कपॅसिटरची मोटर महावितरणच्या लाईटवर कशीबशी फिरते आणि जनरेटरवर अडते. आणि मोटर हौदातून टाकीत पाणी चढवण्यासाठीच वापरा. नळाच्या लाईनला थेट मोटर जोडायला परवानगी नाही, आणि त्याने शेजाऱ्यांचं पाणी तुटतं.

क्रम असा ठेवा: जनरेटर सुरू करून दोन-तीन मिनिटं रिकामा गरम होऊ द्यायचा, मग सर्वांत मोठी मोटर एकटी लावायची. टाकी भरली की ती बंद, मग फ्रिज, मग पंखे-दिवे. पेट्रोल वाचवणारा इको स्विच मोटर लावताना बंद हवा. इकोमध्ये इंजिन हळू फिरत असतं आणि अचानक मागणी आली की वेग घ्यायला त्याला एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात बोर्ड कट करतो. मोटर लागून स्थिर झाली की इको चालू करायला हरकत नाही.

मिक्सरची मोटर वेगळ्या प्रकारची असते, तिचा सुरुवातीचा झटका फार नसतो. ७५० वॅटचा मिक्सर दोन केव्हीएवर चालतो. गीझर आणि इंडक्शन शेगडी दोन-दोन हजार वॅटची, त्यांना विसरा. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात पंधराशे वॅटच्या आसपास घेतो. तीन केव्हीएच्या यंत्रावर तो चालेल, पण पेट्रोल बघून तुम्हीच बंद कराल. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात १८०-२०० वॅटचा कूलर त्यापेक्षा शहाणपणाचा.

पाटीवरचे आकडे नीट वाचा. खोक्यावर ठळक लिहिलेला आकडा बहुतेक वेळा 'कमाल' असतो. तो काही क्षणांसाठी किंवा थोड्या मिनिटांसाठी असतो. सलग चालण्याची क्षमता 'रेटेड' म्हणून बारीक अक्षरांत असते. २.२ केव्हीए कमाल लिहिलेलं यंत्र सलग १.८ केव्हीएच देतं. त्यातही सलग लोड रेटेडच्या तीन-चतुर्थांशावर ठेवा. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि दर शंभर मीटरला इंजिनाची ताकद सुमारे एक टक्का घटते. उन्हाळ्याची गरमी आणखी थोडी खाते. मे महिन्यात आठ-दहा टक्के कमीच मिळणार असं धरून चला.

पेट्रोलचा खर्च घेण्याआधीच कळलेला बरा. १.८ केव्हीए रेटेडचं चांगलं यंत्र पूर्ण लोडवर तासाला एक लिटरहून थोडं जास्त पितं, पाव लोडवर साधारण ०.४५ लिटर. पूर्ण लोडला एका लिटरमागे दीड युनिटच्या आसपास वीज मिळते, पाव लोडला जेमतेम एक युनिट. लिटरला शंभर रुपयांच्या वर दर धरला तर एक युनिट पासष्ट ते शंभर रुपयांना पडतं. म्हणून रात्रभर दोन पंख्यांसाठी जनरेटर चालवणं हा सर्वांत महागडा वापर आहे.

तेवढ्यासाठी बॅटरीच बरी. १५० एएचच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, त्यामुळे हजारभर वॅट-तास हाती लागतात असं समजा. साध्या पंख्यांऐवजी ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बसवले तर तीन पंखे, पाच दिवे आणि राऊटर मिळून १४५ वॅट होतात आणि सहा-सात तास निघतात. आमचं मत स्पष्ट आहे: घरात अडेल मोटर नसेल आणि लाईट सहसा सहा तासांच्या आत येत असेल, तर आधी पंखे बदला, जनरेटर नको. बॅटरी आणि जनरेटर दोन्ही असतील तर उत्तम जोडी होते. इन्व्हर्टरची बॅटरी भरायला दोनशे-तीनशे वॅट पुरतात, म्हणजे नुसत्या बॅटरीसाठी एक केव्हीएचा जनरेटरसुद्धा चालतो. संध्याकाळी तीन-चार तास जनरेटर लावून फ्रिज गार करायचा, बॅटरीत भर घालायची आणि रात्री शांतपणे बॅटरीवर झोपायचं.

घराला जोडणी

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे जनरेटर बाहेर ठेवून तीन कोअरची वायर आत आणणं आणि हवं ते उपकरण तिलाच लावणं. वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. वीस मीटरपर्यंत काळजी नाही. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते आणि वायर तापते. ड्रमवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळीत उष्णता साठून इन्सुलेशन वितळतं.

संपूर्ण घराला द्यायचं असेल तर चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, बसवावाच लागतो. सिंगल फेजला ३२ अँपिअरचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, मधे 'ऑफ' असलेला. तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये जनरेटरची वीज घुसवायचा प्रकार काही जण करतात. तो जीवघेणा आहे. मेन स्विच चालू राहिला तर ही वीज मीटरमधून उलटी डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो, त्यामुळे पलीकडे ११ केव्हीच्या तारेवर हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. आणि नेमकं त्याच वेळी, लाईट गेली म्हणून, वायरमन त्या खांबावर चढलेला असतो. शिवाय अचानक लाईट आली तर जनरेटरचा बोर्ड त्याच क्षणी जळतो.

टेस्टर लावल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडे मंद उजेड दिसला तर घाबरू नका. बऱ्याच इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे असं होतं. पण याचाच दुसरा अर्थ असा, की तुमच्या पॅनेलमधला आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा सुरक्षा स्विच) जनरेटरवर असताना शॉक लागल्यावर पडेलच याची खात्री नाही. अर्थिंग आणि न्यूट्रल कसं जोडायचं ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे इलेक्ट्रिशियनला करू द्या.

गच्चीवर ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, सोलर असेल तर ते लाईट गेल्यावर आपोआप बंद होतं, आणि तसंच व्हायला हवं. त्याची जोडणी चेंजओव्हरच्या महावितरणच्या बाजूलाच राहिली पाहिजे. जनरेटरच्या बाजूला आली तर जनरेटरची वीज पाहून सोलर सुरू होईल आणि आपली वीज जनरेटरमध्ये ढकलेल. घरात थ्री फेज मीटर असेल तर छोटा जनरेटर एकाच फेजला वीज देईल, थ्री फेज मोटर त्यावर चालणार नाही.

धूर

हा भाग घाईत वाचू नका. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, अशक्त वाटतं, आणि झोपेत असलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. जनरेटर घरात, बाल्कनीत, जिन्याखाली, बाथरूममध्ये, शटर अर्धं उघडलेल्या दुकानात किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये कधीही चालवायचा नाही. खिडक्या उघड्या ठेवल्याने किंवा पंखा लावल्याने भागत नाही. दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब, उघड्यावर, आणि धुराचं तोंड सगळ्यांच्या घरांपासून दूर.

सोलापुरात हे सगळ्यांना जमत नाही, हे खरं आहे. साखर पेठेसारख्या जुन्या भागातल्या अरुंद बोळांत सहा मीटर जागाच नसते. समोरच्याच्या खिडकीत धूर जात असेल तर तिथे जनरेटर घेऊ नये, बॅटरी वाढवावी. एवढं सरळ आहे ते. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनीही बेडरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं तर आधी सगळ्यांनी बाहेर यायचं, मग १०८ ला फोन करायचा. जनरेटर नंतर बंद करा.

वारी आणि मुक्काम

आपल्याकडे तंबूतला सर्वांत मोठा मुक्काम आषाढी वारीचा. माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी इथल्या तळांवर दिंड्यांना दिवे, मोबाइल चार्जिंग आणि भजनाला ॲम्प्लिफायर लागतो. चाळीस मोबाइल प्रत्येकी १५ वॅट धरले तर ६००, पन्नास वॅटचे चार फ्लडलाइट २००, छोटा ॲम्प्लिफायर दोनशेच्या आसपास. हजार वॅट झाले, मोटर एकही नाही. इन्व्हर्टर जनरेटर शोभतो तो इथे: दोन केव्हीएचं यंत्र आरामात पुरतं, स्पीकरमध्ये घरघर येत नाही आणि शेजारच्या दिंडीची झोप मोडत नाही.

तळावर पाऊस आणि चिखल असतो. जनरेटर लाकडी फळीवर, सपाट ठेवा. उतारावर ठेवला तर ऑइल एका बाजूला जातं, कमी ऑइलचा सेन्सर इंजिन बंद करतो आणि लोक प्लग साफ करत बसतात. वरून मीटरभर उंचीवर पत्रा, चारही बाजू उघड्या. ताडपत्रीत गुंडाळून किंवा ट्रकच्या हौद्यात ठेवून चालवू नका. झोपायच्या तंबूंपासून आणि स्वयंपाकाच्या गॅसपासून लांब. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. गरम सायलेन्सरवर चार थेंब सांडले तरी भडका उडतो.

दोघा-चौघांचा एका रात्रीचा मुक्काम असेल, उजनीच्या काठावर पक्षी बघायला गेलेल्यांसारखा, तर तिथे इंजिनाचं कामच नाही. ५०० वॅट-तासांचा लिथियम पॉवर स्टेशन दिवे, मोबाइल, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि एक छोटा पंखा रात्रभर सांभाळतो, आणि पक्षी उडून जात नाहीत. फक्त तो दुपारच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नका.

दुकानात

खरा इन्व्हर्टर जनरेटर बहुधा बंद खोक्यासारखा, दोन केव्हीएला वीस-बावीस किलोचा असतो. त्याच क्षमतेचा साधा जनरेटर चाळीसच्या पुढे जातो. 'इन्व्हर्टर टाइप' असं लिहिलेलं, उघड्या फ्रेमचं आणि फारच स्वस्त काही दिसलं तर साईन वेव्ह आणि टीएचडी लेखी मागा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मान्यतेचं लेबल यंत्रावर आहे का बघा. बाहेरून आणून ऑनलाइन विकलेल्या काही यंत्रांवर ते नसतं. आवाजाचा आकडा किती मीटरवरून आणि किती लोडवर मोजला ते विचारा. पाव लोडवर सात मीटरवरून मोजलेले ५२ डेसिबल आणि पूर्ण लोडचे ५२ यांत मोठा फरक आहे. आणि हजार वॅटची इस्त्री लावून दहा मिनिटं चालवून दाखवायला सांगा. कार्बोरेटर, एअर फिल्टर, दोरीचा रिकॉइल आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर बोर्ड सोलापुरात किंवा पुण्यात मिळतो का, हे बिल करण्याआधी ठरवा. बोर्ड हा सर्वांत महाग सुटा भाग आहे आणि गल्लीतल्या मेकॅनिककडे तो दुरुस्त होत नाही. घरगुती गॅस सिलिंडरवर चालवायचा जुगाड कुणी सुचवला तर नको म्हणा. तो सिलिंडर स्वयंपाकासाठीच आहे.

ऑइल, पेट्रोल आणि धूळ

नवीन यंत्र कारखान्यातून सहसा ऑइलशिवाय येतं. पहिल्यांदा दोरी ओढण्याआधी १०डब्ल्यू-३० ऑइल पुस्तिकेत सांगितलं तेवढं भरा. छोट्या यंत्रात ते अर्ध्या लिटरच्या आसपास असतं. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, त्यात नव्या इंजिनाचे बारीक धातूकण असतात. नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. फोमचा एअर फिल्टर ५० तासांनी साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून पिळून बसवा. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ उडते तेव्हा त्याच्या निम्म्या वेळात. फिल्टर चोंदला की धूर काळा येतो आणि पेट्रोल जास्त लागतं.

आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, पण महिनोन्महिने पडून राहणाऱ्या इंजिनाला ते मानवत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पेट्रोल जुनं होऊन चिकट होतं आणि कार्बोरेटरचं बारीक जेट बुजतं. 'गेल्या वर्षी चालत होता, आता सुरूच होत नाही' यामागे बहुतेक वेळा हेच असतं. यंत्र या पेट्रोलवर, म्हणजे ई२० वर, चालतं का ते पुस्तिकेत बघूनच घ्या. महिनाभर लागणार नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. कॉक नसेल तर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून उरलेलं पेट्रोल काढा. पावसाळ्याआधी, म्हणजे एप्रिलमध्येच, ताजं पेट्रोल घालून वीस मिनिटं लोडवर चालवून बघा.

पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत किंवा पाण्याच्या कॅनमध्ये ठेवू नका. स्वतःच्या वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच साठा करता येतो, तोही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. घराला पाच लिटर पुरेत. ते सावलीत, देवघर आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, आणि दोन महिन्यांत लागलं नाही तर दुचाकीत ओतून डबा पुन्हा ताज्या पेट्रोलने भरा.